आत्यांना पांढरा रस्सा द्यायचा की नाही?

प्रश्न थोडक्यात असा. ७४ वर्षांच्या आत्या पुण्याला भाच्याकडे असतात. मधुमेह जुना आहे, मूत्रपिंडं थोडी कमजोर आहेत, पित्ताची गोळी रोज सकाळी चालू आहे आणि वर्षभरात विसरणं वाढलंय. घरच्या लग्नासाठी तीन दिवस कोल्हापूरला यायचंय. अंबाबाईचं दर्शनही करायचंय. आत्यांनी आत्तापासूनच पांढऱ्या रश्श्याचा धोशा लावलाय. मागे एका कार्यात जेवून त्यांना उलट्या-जुलाब झाले होते आणि सलाईन लावावं लागलं होतं. त्यामुळे भाच्याचं विचारणं आहे की त्यांना बाहेर जेवायला न्यावं का, आणि नेलं तर काय सांभाळावं?

न्या. बिनधास्त नाही, पण न्या. घरी वरण-भात आणि दुधी खाऊन विटलेल्या माणसाला स्वतःच्या गावी आणायचं आणि लॉजवर बसवून पुन्हा दुधीच वाढायचा, याला काळजी म्हणवत नाही. मी कोल्हापुरात फिजिशियन आहे आणि माझ्याकडे येणारी निम्मीअधिक माणसं साठीच्या पुढची असतात. बाहेर जेवून पोट बिघडलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, मटण बाधलं." खोदून विचारलं की बहुतेक वेळा मटण निर्दोष सुटतं. बाधलेला असतो शेजारचा कच्चा कांदा, टेबलावरच्या जगमधलं पाणी, मठ्ठा. किंवा तेच मटण, पण शिजल्यावर चार तास कोमट पडून राहिलेलं.

आधी आत्यांना इतरांपेक्षा जास्त धोका का, ते बघू. जठरातलं आम्ल म्हणजे पोटाच्या दारावरचा पहारेकरी. जेवणातून आलेले बरेचसे जंतू तिथंच मरतात. पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारखी पित्ताची गोळी रोज घेतली की हा पहारा ढिला पडतो. गोळी गरजेची असेल तर सहलीसाठी ती बंद करू नका, फक्त हे ध्यानात ठेवा की तुम्हाला जे पचलं ते त्यांना पचेलच असं नाही. त्यात मूत्रपिंडं कमजोर. तुमचं-माझं पोट बिघडलं तर एक दिवस घरी बसून भागतं. त्यांच्या अंगातलं पाणी तेवढंच गेलं तरी क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कसं काम करतात ते सांगणारा रक्तातला आकडा) चढतं आणि मुक्काम थेट दवाखान्यात पडतो. विसरण्याचा भाग तर सगळ्यात अवघड, कारण पोटात मुरडा येतोय हे त्या वेळेवर सांगतीलच याची खात्री नाही.

एक गैरसमज इथंच संपवू. "कोल्हापुरी तिखटात कुठले जंतू जगतात?" असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. जगतात, चांगले जगतात. चटणीनं तुमच्या डोळ्यांतून पाणी येतं, जंतूंच्या नाही. जंतू मरतात उष्णतेनं, आणि वाढतात ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधल्या पट्ट्यात. शिजलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू नये आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तर एकच तास. हॉटेल एसी आहे की पत्र्याचं, टाइल्स चकचकीत आहेत की नाहीत, यापेक्षा ताटातली वस्तू कधी शिजली आणि तेव्हापासून कशावर ठेवली होती, हे मला जास्त सांगून जातं.

आता रश्श्याकडे वळू. तांबडा आणि पांढरा, दोन्ही मटणाच्या आळणी पाण्यावर होतात. पण सुरक्षिततेच्या हिशेबात ते सारखे नाहीत. तांबडा रटरटता ठेवला तरी त्याला काही होत नाही, उलट तवंग छान येतो. पांढऱ्यात नारळाचं दूध असतं, आणि ते जोरात उकळलं की फुटतं. म्हणून आचारी तो मंद आचेवर ठेवतो, गर्दी ओसरली की आच आणखी कमी करतो, आणि दुपारी साडेतीनला तुम्ही पोचता तेव्हा तो नुसता कोमट असतो. मोठ्या पातेल्यातल्या मटणाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा एक जंतू असू शकतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, उकळीतही टिकतात. पातेलं सावकाश निवायला लागलं की ते उगवतात आणि झपाट्यानं वाढतात. चवीत, वासात काही कळत नाही. म्हणजे आत्या ज्याच्यासाठी हट्ट धरून बसल्यात, नेमका त्याच्यावरच जास्त लक्ष ठेवायला हवं.

ते कसं ठेवायचं? वाटी समोर आली की आधी कडेला बघा. मटणाची चरबी चाळीस अंशांच्या आसपास थिजायला लागते. वाटीच्या कडेला पांढरट, मेणासारखी किनार धरली असेल किंवा वर साय आल्यासारखी चरबी दिसत असेल, तर तो रस्सा साठ अंशांच्या बराच खाली येऊन गेलाय. तो परत पाठवा. वेटरला "गरम आहे का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो" हेच असतं. "दादा, आजींची तब्येत नाजूक आहे, भरलेल्या वाट्या आणू नका. रस्सा परत गरम करून किटलीतनं इथंच वाढा, वाफ दिसू दे," असं सांगा. आपल्याकडचे वाढपी म्हाताऱ्या माणसासाठी एवढं खुशीनं करतात, उलट "आजी, आणखी घाला की" म्हणून दुसऱ्यांदाही आग्रह करतात. वाफाळता रस्सा थोडा निवू द्या, पण समोर निवू द्या. पहिल्या वाटीत फार तर पाच-दहा मिनिटं जातील.

दुसऱ्यांदाचा आग्रह मात्र तुम्ही आवरा. त्याचा जंतूंशी संबंध नाही. रश्श्यात मीठ भरपूर असतं, आणि कमजोर मूत्रपिंडांना दोन वाट्या मीठ-चरबी नको. एक वाटी पांढरा, दोन-चार घास मटण, त्याच्याबरोबर तव्यावरून उतरलेली भाकरी. भाकरीइतकी सुरक्षित वस्तू ताटात दुसरी नाही.

वेळ साधा. दुपारी साडेबाराला किंवा रात्री आठच्या आत पोचा. भर गर्दीत बसायला जागा मिळणार नाही, म्हातारं माणूस ताटकळेल, हे खरं. पण ज्या हॉटेलात पातेली लवकर रिकामी होतात तिथं अन्न शिळं व्हायला वेळच मिळत नाही. मला रिकाम्या मोठ्या हॉटेलापेक्षा गर्दीची साधी खानावळ परवडते. भिंतीवर चौदा आकडी परवान्याचा कागद असतो तो जरूर बघा. पण त्यावरून हॉटेलची नोंद आहे एवढंच कळतं, आजचं मटण कधी शिजलं ते नाही.

मटणाच्या ताटातलं बाकीचं एकेक करून सांगते. सुक्कं मटण आधी शिजवून ठेवलेलं असतं आणि ऑर्डर आल्यावर मसाल्यात परततात. आतपर्यंत चटका लागेल इतकं गरम असेल तर चालेल. खिमा, वजडी, रक्ती आत्यांना नको. खिम्यात मांस कुटल्यामुळे वरचे जंतू आतपर्यंत जातात, आणि वजडीची सफाई कुणी, कशी केली ते आपल्याला दिसत नाही. अंडं हवं असेल तर उकडलेलं किंवा पूर्ण शिजलेलं ऑम्लेट घ्या, हाफ फ्राय नको. भात शेवटी मागवतो आपण, आणि तोच बऱ्याचदा सकाळचा असतो. शिजलेल्या भातातही न मरणारे बीजाणू असतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केलं की भात पुन्हा गरम करून ते जात नाही. भात वाफाळता नसेल तर भाकरीवरच थांबा.

खरी गोम ताटाच्या डाव्या बाजूला असते. चिरलेला कांदा, काकडी, लिंबाची फोड, दही-कांद्याची कोशिंबीर, कच्चा खर्डा. यातलं काहीच शिजत नाही. कांदा सकाळी पोतंभर चिरलेला असतो. तो कुठल्या पाण्यात धुतला, चिरणाऱ्याचे हात कसे होते, काहीच ठाऊक नसतं. सोलकढीचं तेच. आमसुलाचा आंबटपणा थोडी मदत करतो, पण नारळाचं दूध कच्चं, पाणी कच्चं आणि वर बर्फ. आत्यांना यातलं काही नको. तुम्ही खुशाल खा, पण जरा थांबा. विसरभोळ्या माणसाच्या शेजारी बसून आपण कांदा खाल्ला की त्यांचा हात आपसूक तिकडे जातो. दर वेळी "आत्या, नको म्हटलं ना!" म्हणत राहिलात तर चार लोकांत त्यांची मान खाली जाते आणि तुमचंही जेवण जात नाही. त्यापेक्षा बसतानाच सांगा, या टेबलावर कांदा-लिंबू-कोशिंबीर कुणालाच नको. पाण्याचा जग आणि पेलेही उचलून न्यायला सांगा. समोर नसलं की वाद नाही.

पाण्याबद्दल एक खास गोष्ट. "आजींना कोमट पाणी द्या" असं आपण मोठ्या काळजीनं सांगतो. वेटर काय करतो? अर्धा पेला गरम पाणी, त्यात अर्धा पेला नळाचं किंवा पिंपातलं, झालं कोमट. म्हणजे उकळलेल्या पाण्याचा फायदा गेला. एकतर सीलबंद बाटली घ्या, सील तुमच्या हातानं तोडा, किंवा घरून उकळलेल्या पाण्याचा थर्मास न्या. चहा चालेल, तो उकळतो. बर्फ कशातच नको. पंचगंगेच्या काठच्या आपल्या गावांना हे वेगळं सांगायला नको. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यातूनच. तुमच्याबरोबर कुणी गरोदर सून-मुलगी येणार असेल तर पाण्याचा हा नियम तिला आत्यांपेक्षाही कडक लावा, कारण पाण्यातून येणारी ई प्रकारची कावीळ गरोदरपणात जीवघेणी ठरू शकते.

मिसळ खाणारच असाल तर सकाळी लवकर खा. कट शेगडीवर उकळत असतो, ती जमेची बाजू. वरून घातलेला कांदा-कोथिंबीर आणि लिंबू आधीच वगळायला सांगा, नंतर चमच्यानं बाजूला काढून उपयोग नाही. तिखट झेपत नसेल तर कट कमी घ्या, पण ताटलीत थंड मटकीवर दोनच चमचे कट असं नको, मटकीही गरम हवी.

गंगावेशीतल्या दुधाचा विषय निघणारच. आत्यांच्या वयाच्या कोल्हापूरकराला म्हशीखालचं, समोर काढलेलं फेसाळ दूध म्हणजे जीव की प्राण. तालमीतल्या पोरांना ते पचत असेल. आत्यांना कच्चं दूध अजिबात नको. ब्रुसेला, लिस्टेरिया, ई. कोलाय, क्षय अशी बरीच मंडळी त्यातून येऊ शकतात. म्हैस डोळ्यांसमोर आहे, दूध ताजं आहे, यानं फरक पडत नाही. तेच दूध उकळून द्या, नाहीतर पिशवीतलं पाश्चराइज्ड द्या. पेल्याला फेस आला नाही म्हणून थोडं रुसतील.

रंकाळ्यावर भेळ-पाणीपुरीऐवजी सुकं भडंग घ्या, बिनकांद्याचं. देवळात तीर्थ हातावर घेऊन डोळ्यांना लावलं तरी भक्तीत कमी पडत नाही, पंचामृताचंही तसंच. लाडवाचा कोरडा प्रसाद चालेल, मधुमेहाच्या मापात.

आता लग्न. मला विचाराल तर तीन दिवसांतली सगळ्यात धोक्याची जागा हॉटेल नाही, कार्यालय आहे. स्वयंपाक पहाटे सुरू होतो आणि दहाला मसालेभात तयार. मुहूर्त साडेबाराचा, तो लागतो एकला. मग अक्षता, फोटो, आहेर. शेवटच्या पंगतीला तीन वाजतात. म्हणजे तोच भात, तीच भाजी पाच तास पातेल्यात. बुफे असेल तर खालची आच कधी विझते ते कुणी बघत नाही. भांड्याचं झाकण उचलल्यावर वाफ आली नाही तर ती वस्तू थंडच समजा. मागच्या वेळी आत्यांना कशानं झालं ते आता सांगता येणार नाही. पण जेवल्यापासून एक ते सहा तासांत धडाधड उलट्या सुरू झाल्या असतील तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय येतो. बासुंदी, खव्याची मिठाई, क्रीमचा केक अशा हातानं हाताळून बाहेर ठेवलेल्या वस्तूंत स्टॅफिलोकॉकस ते तयार करतो, भातात बॅसिलस सिरियस.

म्हणून आत्यांना पहिल्या पंगतीला बसवा. लाज वाटू देऊ नका, आजारी माणसाला आधी वाढणं ही आपली जुनीच रीत आहे. त्यातही जमलं तर घरच्याच कुणाला स्वयंपाकघरात पाठवून उतरतं अन्न ताटात घेऊन या. भजी, जिलेबी, पुरी कढईतून निघालेली असेल तर चालेल. जिलेबी मधुमेहाला वाईट, हे वेगळं भांडण. मठ्ठा, ताक, सरबत, कापलेली फळं, आइस्क्रीमचं उघडं मशीन, सगळं टाळा. हळदीच्या रात्रीचं उरलेलं सकाळी गरम करून मिळत असेल तर तेही नको. जेवणाआधी त्यांचे हात साबणानं धुवा. गंध, अक्षता, नोटा, सगळ्यांचे हात हातात घेऊन झालेले असतात. नुसतं सॅनिटायझर चोळून सगळे जंतू जात नाहीत. खिशात पेपर सोप ठेवा.

परतताना पुण्याला रश्श्याचं पार्सल नेऊ नका. गरम रस्सा पिशवीत बांधून पाच तास गाडीत म्हणजे वर सांगितलेल्या पातेल्याचीच गोष्ट. हवंच असेल तर पांढऱ्या-तांबड्याचा कोरडा मसाला न्या आणि मटण घरी शिजवा.

एवढं करूनही पोट बिघडलं तर? आधी वेगळं काढा की ही मिरचीची आग आहे की संसर्ग. जेवल्यावर लगेच छातीत जळजळ, दुसऱ्या दिवशी शौचाला आग, पण ताप नाही, पाण्यासारखे जुलाब नाहीत, तर ती मिरची. पाण्यासारखे जुलाब, वारंवार उलट्या, ताप, मुरडा, तर संसर्ग धरून चला. शेवटच्या जेवणालाच दोष देऊ नका. साल्मोनेलासारख्या जंतूला सहा तासांपासून तीन दिवस आणि कधी त्याहूनही जास्त लागतात, विषमज्वराला एक-तीन आठवडे, काविळीला महिना-दीड महिना. डॉक्टरांना गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्लं ते सांगा.

ओआरएस लगेच सुरू करा. मधुमेह आहे म्हणून ओआरएस न देणारी घरं मी बरीच बघते. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम, आणि त्याच्याशिवाय मीठ-पाणी आतड्यातून नीट शोषलं जात नाही. द्या, घोटघोट द्या, साखर तपासत राहा. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं हवं, आणि लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवा. फळांच्या स्वादाची गोड पेयं ओआरएस समजून घेऊ नका. त्यांना रोजच्या पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर किती द्यायचं ते फोनवर विचारा. जुलाब थांबवायची गोळी किंवा मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिक मनानं देऊ नका.

एक काम मात्र पुण्यातून निघायच्या आधीच करा. त्यांच्या डॉक्टरांना विचारा, "उलट्या-जुलाब झाले तर साखरेच्या, बीपीच्या आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्यांपैकी कुठल्या थांबवायच्या?" पोटात अन्न नसताना साखरेच्या काही गोळ्यांनी साखर धोकादायक खाली जाते. अंगातलं पाणी गेलेलं असताना मेटफॉर्मिन आणि बीपीच्या काही गोळ्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्रास देतात. इन्सुलिन असेल तर ते सरसकट बंदही करायचं नसतं. हे उत्तर कागदावर लिहून आणा, रात्री दोन वाजता आठवत नाही.

सहा-आठ तासांत लघवी नाही, जीभ कोरडी, गुंगी किंवा नेहमीपेक्षा जास्त गोंधळ, शौचात रक्त, १०१ च्या वर ताप, किंवा पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आत्यांसारख्या माणसात गोंधळ वाढणं हे कधी कधी पहिलं आणि एकमेव लक्षण असतं, त्याला "प्रवासानं दमल्या असतील" म्हणून सोडू नका. १०८ ला फोन करा, किंवा दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्या, नाहीतर जवळच्या ज्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात तिथं. बरोबर गोळ्यांची पाकिटं घ्या, नुसती नावं नकोत, आणि शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट मोबाइलमध्ये असू द्या. आजचा आकडा वाढलाय की त्यांचा नेहमीचाच आहे, हे तपासणाऱ्याला त्याशिवाय कळणार नाही.